मंडळी सोडलेला पेटीवाला : गोविंदराव टेंबे



आपल्या या भागात इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो, आंग्र्यांचे आरमार उभे राहते, फार तर चिरनेरचा जंगल सत्याग्रह उभा राहतो. ते विषय थोरच आहेत आणि ते मांडणारे अभ्यासकही माझ्यापेक्षा थोर आहेत. आजच्या माझ्या इतिहासात तलवार नाही. त्यात पेटी आहे. पेटी म्हणजे बाजाची पेटी, जिला शिकलेली माणसे हार्मोनियम म्हणतात. आणि ती वाजविता वाजविता एका नामांकित नाटक मंडळीतून बाहेर पडलेला, दुसरी मंडळी काढून तीही सोडलेला, आणि अखेरपर्यंत आपल्या दहा बोटांवर उभा राहिलेला एक माणूस आहे. त्यांचे नाव गोविंद सदाशिव टेंबे. जन्म १८८१, मृत्यू १९५५.

माझ्यासारख्या युनियनच्या माणसाने हा विषय का घ्यावा, अशी शंका कोणाला येईल. मी संगीताचा जाणकार नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ असे झालेले आहे. परंतु धाटाव-नागोठण्याच्या पट्ट्यात कारखान्यांच्या दारांवर उभे राहून माझी हयात गेली, आणि तेथे एक प्रश्न मला शेकडो वेळा भेटला. कसबी माणूस कारखाना सोडतो तेव्हा तो आपल्याबरोबर काय नेतो आणि मागे काय ठेवतो? मस्टरवरून नाव उडते, हिशेब चुकता होतो, फाटकाचा पास परत द्यावा लागतो. पण हातातली कारागिरी कोणाची? त्याने बसवून दिलेली कामाची रीत कोणाची? कारखान्यात या प्रश्नाचे उत्तर मालकाचे कागद देतात. कलेच्या प्रांतात ते उत्तर कोण देतो, हे शोधू लागलो तेव्हा मला टेंबे भेटले.

प्रथम मंडळी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी ही नुसती हौशी गाणाऱ्यांची टोळी नव्हती. लोक तिला सरळ ‘कंपनी’ म्हणत, आणि तो शब्द अगदी बरोबर होता. पडदे, कपडेपट, दागिने, आचारी, वाढपी, सामानाच्या पेट्या, आगगाडीची भाडी, आज सांगली तर उद्या धारवाड असा मुक्काम, पगारी नट आणि वर कारभारी किंवा मालक. जेवण-बिऱ्हाड कंपनीचे, गळा नटाचा, गल्ला मालकाचा. आज कारखान्यात आपण ज्याला उत्पादनाची साधने म्हणतो ती सगळी मालकाकडे, आणि एकच साधन नटाकडे : त्याचा कंठ. ते साधन मात्र असे की रात्री पेटीत कुलूप घालून ठेवता येत नाही. तेवढ्या एका कारणाने मराठी रंगभूमीचा इतिहास हा बराचसा मंडळ्या फुटण्याचा इतिहास झाला.

अण्णासाहेब १८८५ साली वारले. त्यांच्यामागे मंडळी भागीदारांकडे गेली. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजावर ती पुढे वाढली. भाऊराव १९०१ साली गेले आणि मंडळीचा सूर काही काळ हरवला. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिच्यात आले आणि तिला पुन्हा भरती आली. ज्याच्या नावावर लोक तिकीट काढतात तो एक गळा गेला की सारी संस्था डळमळते आणि दुसरा मिळाला की सावरते, हे यावरून दिसते. आपल्याकडे क्रिकेटच्या संघाचे आणि राजकीय पक्षांचे आजही तेच चालले आहे. पण तो विषय आजचा नाही.

आता पेटीकडे वळू. हे वाद्य आपले नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने त्याला रूप दिले. ते पायाने भाता मारून वाजवावे लागे. गोऱ्या पाद्र्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला हातभाता लावला आणि जमिनीवर मांडी घालून वाजविण्याजोगे केले. त्या दिवसापासून ते आपले झाले. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या, आणि वर पुन्हा तोंडाने गाणे, असे एकाच माणसाला करता येऊ लागले. कोकणातल्या भजनात बुवा हाच पेटीवालाही असतो, हे आपण दर आठवड्याला पाहतो. तेथे गाणारा धनी आणि वाजविणारा नोकर असा भेद उरत नाही.

मैफलीत आणि रंगभूमीवर मात्र तो भेद होता. गायक मध्ये, साथीदार बाजूला. बिदागी ठरे ती गायकाची; साथीदाराच्या हातावर काय पडेल ते गायकाच्या मर्जीवर. जाहिरातीत गायकाचे नाव ठळक, साथीदाराचे बारीक, आणि पुष्कळदा मुळीच नाही. पेटीवाल्याने गायकाच्या मागून जावे, त्याची जागा भरून काढावी, त्याचा दम संपला की सूर धरून ठेवावा, आणि टाळ्या पडल्या म्हणजे मान खाली घालावी. सारंगीवाल्यांची आणि तबलजींची स्थिती याहून फार निराळी नव्हती.

अशा काळात गोविंदराव कोल्हापुरात वाढले. शाहू महाराजांचे कोल्हापूर ते. उस्ताद अल्लादियाखाँसाहेब दरबारचे गायक होते. देवल क्लबमध्ये गवयांचे येणे-जाणे होते आणि चांगल्या कानाच्या मुलाला तेथे ऐकूनच पुष्कळ मिळे. पेटीवर गोविंदरावांचा हात बसला तो मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा थोर गायक त्यांना लाभला. बुवांच्या साथीला बसून त्यांनी गायकीचे मर्म उचलले. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे त्यांनी समोर बसून शिकले नाही. ऐकून ऐकून मनात मुरविले आणि बोटांत उतरविले. शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला दुसऱ्या तशा माणसाबद्दल आपोआप आपुलकी वाटते, तशी मला त्यांच्याबद्दल वाटते. ज्याला गुरूने ओळीने धडे दिले नाहीत त्याला प्रत्येक गोष्ट आपल्या कसोटीवर घासून घ्यावी लागते. त्यात वेळ जातो खरा, पण घासून घेतलेले पुन्हा विसरत नाही.

भास्करबुवांची साथ करणारा पेटीवाला म्हणजे त्या धंद्यातले सर्वांत मोठे आसन. तरीही गोविंदरावांनी साथीचा व्यवसाय मध्येच सोडला. ते स्वतंत्र वादनाकडे आणि रचनेकडे वळले. त्यांची पेटी आता कोणाच्या मागे चालणारी राहिली नाही. ती स्वतः गाऊ लागली. स्वतंत्र पेटीवादन ऐकायला माणसे बसतात, ही गोष्ट ज्या थोड्या लोकांनी महाराष्ट्रात सिद्ध केली त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत आहे.

याच सुमारास कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी किर्लोस्कर मंडळीसाठी ‘मानापमान’ लिहिले. खाडिलकर हे टिळकांच्या ‘केसरी’तले. त्यांचे ‘कीचकवध’ हे नाटक सरकारने १९१० साली बंद केले होते. ‘मानापमान’ वरवर पाहता प्रेमाचे नाटक आहे. धैर्यधर हा गरीब पण पराक्रमी सेनापती, आणि भामिनी ही श्रीमंताची मुलगी. धनाच्या तोऱ्यात ती त्याचा अपमान करते आणि शेवटी त्याच्या शौर्यापुढे नमते. मान पैशाला की कर्तृत्वाला, हा त्या नाटकाचा प्रश्न आहे. असल्या नाटकाला चाली देण्याचे काम एका पेटीवाल्याकडे आले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

त्यापूर्वी नाटकाच्या चालींचे काय होत असे? नाटककार ओळखीच्या चालीवर पदे रची. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कानडी पदे, लावण्या, गवयांच्या चिजा असा तो माल असे, आणि पदाच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ असे छापले जाई. चाल ही सार्वजनिक विहिरीसारखी होती. ज्याला हवे त्याने पोहरा टाकावा. ‘मानापमान’पासून संगीत देणारा म्हणून निराळा माणूस उभा राहिला. गोविंदरावांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या, टप्प्याच्या आणि गझलेच्या अंगाने चाली बांधल्या. त्यांनी रंगभूमीवर मैफलीचे पाणी आणले, पण शब्द बुडणार नाहीत इतक्याच बेताने. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. तरी प्रयोग झाला आणि ते भामिनी म्हणून उभे राहिले. लोक ही गोष्ट त्यांच्या कलानिष्ठेसाठी सांगतात, आणि ती निष्ठा खरीच. मी ती ऐकतो तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. तिकिटे विकली गेली होती, आणि साऱ्या कंपनीचा भार एका माणसाच्या गळ्यावर होता. ज्या कारखान्यात एकाच माणसावाचून यंत्र चालत नाही, तेथे त्या माणसाला घरच्या दुःखासाठीही रजा नसते.

‘मानापमान’ने मंडळीचे नशीब उजळले. परंतु त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले. कारभार शंकरराव मुजुमदारांकडे राहिला. १९१३ साली ‘विद्याहरण’ आले. त्याच्याही चाली गोविंदरावांच्या. आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

श्रोतेहो, या घटनेकडे रंगभूमीचे इतिहासकार बहुधा फूट म्हणून पाहतात. मी तिला एक प्रयोग म्हणतो. तीन कसबी माणसे, एक गाणारा, एक नट आणि एक संगीतकार, मालकाची नोकरी सोडून स्वतःच भागीदार होतात. आपण आज सहकार म्हणतो त्याच्या ही गोष्ट फार जवळची आहे. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा होऊन नऊच वर्षे झाली होती. कलावंतांनी आपला धंदा आपल्या हाती घ्यावा ही कल्पना त्या काळी नवी होती आणि धाडसाचीही होती.

आणि ती पूर्णतेस गेली नाही. थोड्याच वर्षांत गोविंदराव गंधर्व मंडळीतूनही बाहेर पडले. पुढे बोडसही गेले. तिघांतले एकटे बालगंधर्व उरले आणि मंडळी त्यांच्या एकट्याची झाली. दोष अमुक एकाचा असे मी म्हणणार नाही. ती माणसे आज उत्तर द्यायला नाहीत. पण रचनेतला दोष दिसतो. नावच मुळी एका भागीदाराचे होते. प्रेक्षक येत ते गंधर्वाला ऐकायला. तिघांचा वाटा कागदावर सारखा असता तरी तिकीटबारीवर तो सारखा नव्हता. जेथे एकाचे मोल डोळ्यांना दिसते आणि दुसऱ्याचे कानांआड राहते, तेथे भागीदारी टिकवायला नुसता स्नेह पुरत नाही. स्पष्ट नियम लागतात. पुढे वैभवाच्या भरात आणि अत्तर-भरजरी वस्त्रांच्या हौसेत गंधर्व मंडळीवर मोठे कर्ज झाले. ते फेडण्यात नारायणरावांची उमेदीची वर्षे गेली. हिशेबाला तोडीचे भागीदार जवळ असते तर कदाचित निराळे घडते.

गोविंदरावांनी मग शिवराज नाटक मंडळी काढली. येथे ते मालक, नाटककार, संगीतकार आणि नट असे सर्व काही होते. ‘पटवर्धन’, ‘वरवंचना’, ‘तुलसीदास’ ही नाटके त्यांच्या लेखणीची. माणूस किती अंगांनी समर्थ होता हे यावरून कळते. तरी शिवराज मंडळी किर्लोस्कर किंवा गंधर्व यांच्या पंक्तीला जाऊन बसली नाही. एकाच माणसाने चारही कामे करावीत हे कौतुकाचे असले तरी संस्थेला ते पोषक नसते. रात्री नट म्हणून टाळ्या घ्याव्यात आणि सकाळी मालक म्हणून आगगाडीच्या भाड्याची चिंता करावी, यात चाली बांधायला निवांत मन कोठून उरणार?

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. कोल्हापूरचेच केशवराव भोसले हे लहान वयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत गाजले. तीतून बाहेर पडून त्यांनी १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. ती उभी राहिली. १९२१ साली केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. पण मंडळी त्यांच्याबरोबर गेली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली, आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी. माणूस गेल्यावरही जी चालते ती संस्था. युनियन बांधताना मी तरुण कार्यकर्त्यांना हेच सांगत आलो की आपल्या अंगातल्या गुणांवर संघटना उभी करू नका. आपण नसतानाही चालेल अशी ती बांधा. गोविंदरावांना ते साधले नाही. परंतु त्यांच्याजवळ दुसरे काही होते.

८ जुलै १९२१ चा दिवस घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन सर्वश्रेष्ठ गायक नट एका रंगमंचावर आले. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले होते, आणि त्या काळी शंभर रुपये म्हणजे गिरणी कामगाराची काही महिन्यांची कमाई. आजही म्हातारी माणसे त्या रात्रीची ऐकीव गोष्ट सांगतात. त्या रात्री थिएटरात जे सूर भरले ते कोणाचे? ते गोविंदरावांचे. ते स्वतः किर्लोस्कर मंडळी सोडून आले होते, गंधर्व मंडळी सोडून आले होते, आणि ललितकलादर्शाचे तर ते कधीच नव्हते. पण भांडणाऱ्या दोन घरांना एकत्र बसायला जी सतरंजी लागली ती त्यांनी विणलेली होती. मी सुरुवातीस विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. कसबी माणूस जातो, त्याचे काम राहते, आणि ते काम त्याच्या नावावाचून पोट भरीत राहते. चाल देणाराला प्रत्येक प्रयोगामागे काही मिळावे, अशी रीत त्या रंगभूमीवर रुजलेलीच नव्हती.

मग बोलपट आला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस ‘आलम आरा’ लागला आणि नाटक मंडळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कोल्हापुरास १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली होती. तिचा ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पडद्यावर आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. वय पन्नास. ज्या वयात आमचे कामगार निवृत्तीची वर्षे मोजू लागतात, त्या वयात हा माणूस नवे यंत्र, नवा धंदा आणि नवी शिस्त शिकायला निघाला. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नटाने कॅमेऱ्यापुढे स्वतः गावे लागे, आणि वादकांनी चित्रात दिसणार नाही अशा बेताने आडोशाला बसून वाजवावे लागे. साथीदार बाजूला बसे तो आता पडद्याआडच गेला. ‘अग्निकंकण’, ‘मायामच्छिंद्र’, ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ असे प्रभातचे पुढचे बोलपटही त्यांच्या संगीताचे. कंपनी १९३३ साली पुण्यास गेली आणि १९३४ च्या ‘अमृतमंथन’ला संगीत दिले ते केशवराव भोळ्यांनी. गोविंदराव पुन्हा मोकळे झाले. बालगंधर्वही १९३५ साली ‘धर्मात्मा’साठी त्याच प्रभातच्या दारी गेले, हे लक्षात घेतले म्हणजे काळाने कोणाकोणाला नव्या मालकाकडे नेले ते कळते.

यानंतरचा आघात सर्वांत विचित्र. मार्च १९४० मध्ये हिंदुस्थानच्या नभोवाणीने आपल्या कार्यक्रमांतून पेटीच हद्दपार केली. कारणे अशी दिली जात की हे वाद्य परदेशी आहे; त्याचे सूर ठोकून बसविलेले आहेत; आपल्या रागांतल्या सूक्ष्म श्रुती त्यात सापडत नाहीत; आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर निघत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या महाकवीलाही हे वाद्य नापसंत होते. आक्षेप सगळेच खोटे होते असे मी म्हणत नाही. पट्टी दाबली की तोच सूर निघणार, हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या वाद्याने गावोगावच्या लोकांना सुरात गायला शिकविले, जे देवळात, तमाशात, नाटकात आणि मैफलीत सारखेच घरोब्याचे झाले, ते एका हुकुमाने परके ठरले. आणि त्याबरोबर त्यावर पोट असणारी माणसेही. वाद्याला कामावरून कमी केल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

ही बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. १९७१ पासून ती पायरीपायरीने सैल झाली, तीही साथीपुरती. स्वतंत्र वादनाला दार त्यानंतरही बराच काळ बंदच राहिले. गोविंदराव १९५५ साली गेले. म्हणजे स्वतंत्र पेटीवादनात ज्याने आयुष्य घातले त्याची अखेरची पंधरा वर्षे अशी गेली की देशाच्या नभोवाणीला त्याची गाणी चालत, त्याच्या संगीतिका चालत, पण त्याचे वाद्य चालत नसे. या काळात त्यांनी लेखणी अधिक हाती धरली. ‘माझा संगीत व्यासंग’, ‘माझा जीवनविहार’, ‘कल्पनासंगीत’ ही त्यांची पुस्तके, तसेच अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्र आणि ‘महाश्वेता’सारखी संगीतिका, ही त्यांची मोठी शिदोरी आहे. साथीदारांच्या पिढ्यान्‌पिढ्या कागदावर एक ओळ न ठेवता गेल्या. हा एक माणूस लिहून गेला, म्हणून त्या काळातल्या मैफली, गवई, मंडळ्यांचे मुक्काम आणि स्वभाव आज आपल्याला वाचता येतात. ज्याला आपला इतिहास आपण लिहिता येत नाही त्याचा इतिहास दुसरा लिहितो, आणि मग त्यात त्याचे नाव बारीक अक्षरात येते.

ही गोष्ट आपल्याच मातीतली आहे असे नाही. इंग्लंडात यार्डबर्ड्स नावाचे तरुणांचे मोठे गाजलेले वाद्यवृंद मंडळ होते. त्यातला जेफ बेक हा गिटारवादक १९६६ साली त्यातून बाहेर पडला. त्याने स्वतःचे मंडळ काढले आणि रॉड स्टुअर्ट नावाच्या गायकाला पुढे आणले. तेही मोडले. १९७५ साली मात्र त्याने ‘ब्लो बाय ब्लो’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात गाणारा कोणी नाही, गिटारच गाते. निर्माता होता बीटल्स मंडळींचा जॉर्ज मार्टिन. बेक २०२३ साली वारला. गिटार आणि पेटी यांत जमीन-अस्मानाचे अंतर. बेकच्या बोटांना तार ओढून सूर वाकविता येई. गोविंदरावांच्या पट्ट्या लाकडाच्या आणि अचल. पण मार्ग पाहा किती सारखा आहे. मोठी मंडळी सोडणे, स्वतःची काढणे, तीही मोडणे, आणि शेवटी गायकाच्या आधारावाचून वाद्याला बोलते करणे. फरक पडला तो ध्वनिमुद्रिकेने आणि कायद्याने. बेकच्या नावावर मुद्रिका होती आणि तिच्या प्रत्येक विक्रीचा हिशेब होता. गोविंदरावांच्या चालींचा हिशेब कोणी ठेवला?

आपल्याकडे कायदा आला तो सावकाश आला. १९५७ साली स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा झाला. गाणाऱ्या-वाजविणाऱ्याला ‘सादर करणारा’ म्हणून हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले. चित्रपटाचे गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाचा हक्क कायमचा लिहून देता येणार नाही, म्हणजेच तो कोणी त्यांच्याकडून लिहून घेऊ शकणार नाही, ही तरतूद तर २०१२ साली आली. ‘मानापमान’नंतर १०१ वर्षांनी. एका चांगल्या कायद्याला आपल्या देशात किती वाट पाहावी लागते, याचे माप म्हणून हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता निडीसारख्या गावात याचा उपयोग काय, ते सांगून मी थांबतो. नागोठणे आणि रोहे यांच्यामधले आपले हे लहानसे स्टेशन. येथे नाट्यगृह नाही, बोलपटाचे थिएटर नाही. पण भजन आहे, पेटी आहे, पखवाज आहे, लग्नसराईत बेंजोची पार्टी आहे, गणपतीत आणि होळीत नाच आहे. ही सारी वाजविणारी माणसे दिवसा कोठेतरी कंत्राटी कामावर असतात. त्यांच्या सुपारीचा कागद होत नाही. ठरलेले पैसे वरात संपल्यावर अर्धेच हातावर पडले, असे कितीतरी जण सांगतात. पत्रिकेवर उद्घाटकाचे, स्वागताध्यक्षांचे आणि देणगीदारांचे नाव असते, पेटीवाल्याचे नसते. आणि हल्ली तर त्याच्या जागी भिंतीएवढे कर्णे आले आहेत. नभोवाणीने हुकूम काढून पेटी बंद केली; आपण हुकूम न काढताच ती बंद करीत आहोत.

याला मोठी चळवळ लागत नाही. तीन गोष्टी पुरे आहेत. पहिली, गावच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वाजविणाऱ्यांची नावे गाणाऱ्याइतक्याच अक्षरात छापावीत. दुसरी, सुपारी ठरली की अर्ध्या पानाचा कागद करावा : किती माणसे, किती तास, किती पैसे, कधी द्यायचे. मी आयुष्यभर करार लिहिले आहेत. हा कागद लिहून द्यायला मी एक पैसा घेणार नाही. तिसरी, जुन्या बुवांच्या आणि पेटीवाल्यांच्या चाली आज आपल्या खिशातल्या फोनवर भरून ठेवाव्यात आणि त्यावर त्यांचे नाव घालावे. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते. त्यासाठी अर्ज करताना माणसाने कला सादर केली याचा पुरावा मागतात, आणि आमच्या म्हाताऱ्या वादकांजवळ पन्नास वर्षांच्या वादनाचा एकही कागद नसतो. त्या पत्रिकेवरचे नाव हाच उद्या त्यांचा पुरावा होईल.

गोविंदराव टेंब्यांना मंडळ्या टिकविता आल्या नाहीत, मालक म्हणून यश आले नाही, नभोवाणीने त्यांचे वाद्य बाहेर ठेवले. तरी शंभर वर्षांहून अधिक काळ ‘मानापमान’ उभे राहते तेव्हा त्यांचे सूर उभे राहतात. कारण ते खरे कसबी होते, आणि कारण त्यांनी आपले लिहून ठेवले. पहिली गोष्ट प्रत्येकाच्या हातची नाही. ती देणगी आणि मेहनत यांची आहे. दुसरी मात्र आपल्या सर्वांच्या हातची आहे. ज्याच्या सुरावर आपण डोललो त्याचे नाव लिहून ठेवणे, आणि त्याचे जे देणे आहे ते त्याच्या हयातीत देणे, एवढे निडी-रोह्याच्या लोकांनी केले तरी मी या व्याख्यानाचे चीज झाले असे समजेन.